परड्यातल्या वस्तूंची हस्तकला: पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यानुभवाच्या तासाला काय करून घ्यावं, मे महिन्याच्या सुटीत मुलांना कशात गुंतवावं, दुकानातला हस्तकलेचा संच घेतला नाही तर चालेल का, असं पालक आणि नव्याने रुजू झालेले शिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं देताना किनारपट्टीवरचं साधं घर डोळ्यांसमोर धरलं आहे. दारात एक-दोन माड, मागे पोफळी-केळी, स्वयंपाकघरात रोजच्या करवंट्या आणि आठवड्यातून दोन-तीनदा मासळी. एवढं असेल तर साहित्य आहेच. एका गोष्टीवर आमचा ठाम भर आहे: वस्तू मुलाच्या हातची हवी, मग ती वाकडी झाली तरी चालेल.

विकत काय काय आणावं लागतं?

फार थोडं. बोथट टोकाची कात्री, जाड सुई, सुताचं रीळ आणि पॉलिश पेपरचे एक-दोन ताव. बाकी सगळं घरात शोधा: वह्यांचे पुठ्ठे, बिस्किटांचे खोके, जुनं धोतर, शर्टाची बटणं, वर्तमानपत्रं. लग्नपत्रिका तर अजिबात टाकू नका. जाड, गुळगुळीत आणि एका बाजूने कोरा असा इतका चांगला कागद मुलांना एरवी मिळत नाही, आणि लग्नसराई संपली की प्रत्येक घरात गठ्ठा साठलेला असतो.

तयार संच आणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात सगळं आधीच कापलेलं असतं; मुलाने फक्त चिकटवायचं. मोजणं, कापणं, चुकणं आणि पुन्हा कापणं यातच हात तयार होतो. नेमकं तेच संचातून काढून टाकलेलं असतं.

माडापासून मुलांना काय काय करता येईल?

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत लांब आहे, कारण माडाचा प्रत्येक भाग कामाला येतो.

हिरव्या पातीपासून सुरुवात करा. झावळीची एक पात घेऊन मधला हीर काढला की दोन लवचिक पट्ट्या मिळतात. पहिलीतल्या मुलाला त्यातून घड्याळ, अंगठी, चष्मा सहज जमतो. दुसरी-तिसरीत पिपाणी. पट्टीचं एक टोक बोटाच्या पेराएवढ्या जाडीत घट्ट गुंडाळायचं आणि पुढचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्या भागावर चढवत न्यायचा. नळी हळूहळू रुंद होत कर्ण्यासारखी होते. शेवटचं टोक सुटू नये म्हणून हिराचा लहान तुकडा टाचणीसारखा खुपसायचा. अरुंद तोंड दाताखाली हलकेच चपटं केलं की वाजते. नाही वाजली तर तोंड जास्त दाबलं गेलंय किंवा वेढ्यांमधून हवा निसटतेय. दोन्ही कारणं मुलांना स्वतः शोधू द्या.

वाळलेले हीर म्हणजे फुकटच्या काड्या. खराटा बांधताना आखूड म्हणून बाजूला पडलेले हीर मुलांसाठी ठेवा. त्यांचे चौकोन, त्रिकोण, घरं, पूल होतात. सांध्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरायचे. काडेपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन असे आकार करण्याची पद्धत अरविंद गुप्ता यांनी देशभर पोचवली. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याच्या कामासाठी त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. हीर काडीपेक्षा बारीक असतो, म्हणून एका ट्यूबमध्ये दोन-दोन हीर एकत्र घाला. चौकोन बोटाने दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. घराच्या छपराला कैच्या का असतात, हे मग सांगत बसावं लागत नाही.

करवंटीला मोठ्या माणसाचा हात लागतो. फोडणं आणि भोक पाडणं तुम्ही करा, घासणं मुलांवर सोडा. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, शेवटी खोबरेल तेलाचं बोट. तासाभराच्या घासण्यानंतर आतून जो काळा-तपकिरी रंग वर येतो, तो पाहिल्यावर मुलांना थांबवावं लागतं. अशा करवंटीचा पेनस्टँड, पक्ष्यांना पाणी ठेवायचं टांगतं भांडं किंवा कासवाची पाठ होते. पुठ्ठ्याचं डोकं आणि चार वल्ह्यासारखे पाय चिकटवले की ऑलिव्ह रिडले तयार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला किंवा आपल्याच किनाऱ्यावर पिल्लं समुद्रात सोडताना ज्या मुलांनी पाहिली आहेत, ती पायांचा आकार चुकू देत नाहीत. पुढचे लांब, मागचे आखूड.

सोडण म्हणजे नारळाचं बाहेरचं काथ्याचं आवरण पाण्यात तरंगतं, म्हणून होडीला उत्तम. त्याचा लांबट तुकडा घ्या, मध्ये हीर रोवा, फणसाच्या पानाचं शीड लावा आणि टोपात पाणी भरून सोडा. पहिल्या फुंकरीला होडी आडवी होईल. आता आजोबांना विचारायला पाठवा की आपल्याकडच्या होडीला उलांडी कशासाठी असते. दोन हीर आडवे खुपसून त्यांच्या टोकांना सोडणाचा दुसरा बारीक तुकडा लावला की तीच होडी सरळ राहते. इतक्या स्वस्तात इतकं शिकवणारी दुसरी वस्तू आम्हाला तरी माहीत नाही.

भिरभिरं फिरतच नाही. काय चुकतं?

पात्यांची मुरड. पातीचा वीतभर तुकडा घ्या, बरोबर मध्यावर करवंदीचा काटा टोचा आणि काटा पपईच्या वाळलेल्या पोकळ देठात सैल बसवा. आता भिरभिरं तोंडासमोर धरा. उजव्या पात्याची वरची कड तुमच्याकडे यायला हवी आणि डाव्या पात्याची खालची कड तुमच्याकडे. मुलं बहुतेक वेळा दोन्हीकडच्या वरच्या कडा आपल्याकडे ओढतात. मग वारा दोन्ही पाती वरच ढकलतो आणि भिरभिरं जागच्या जागी थरथरतं. दुसरं कारण म्हणजे काट्याचं भोक मध्यापासून सरकलेलं असतं. दोरीत अडकवून तोल पाहा.

किनाऱ्यावरचे शंख-शिंपले गोळा केले तर चालतात का?

आधी स्वयंपाकघरातले वापरा. तिसऱ्या किंवा मुळे या शिंपल्यांचं सुकं झालं की टरफलं उकळत्या पाण्यातून काढा, जुन्या ब्रशने घासा आणि कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवा. वास राहिला तर सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा. त्यांची फुलपाखरं, मासे, पाकळ्या आणि फ्रेमच्या कडा छान होतात. कालवांची टरफलं मात्र मुलांना देऊ नका. ती ब्लेडसारखी कापतात.

किनाऱ्यावरून घ्यायचेच असतील तर फुटके, झिजलेले तुकडे घ्या. रिकामा दिसणारा शंख उलटा करून थोडा वेळ वाळूत ठेवावा. शंखवासी खेकडे अशाच रिकाम्या शंखात घर करतात, आणि खेकडा आत असेल तर पाय बाहेर काढून चालू लागतो. मुलांना हे पाहण्यात जो आनंद मिळतो, तो शंख घरी नेण्यात नाही. प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही जातींचे शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहेत, त्यामुळे पोवळ्याचा तुकडा सुंदर दिसला तरी उचलू नये. हिवाळा ते उन्हाळ्याच्या काळात जाळी लावून राखलेली कासवांची घरटी असतात. त्यांच्या आसपास वाळूचे किल्ले करायला मुलांना बसवू नका.

रंगपेटी नसेल तर?

हळद, कोकम, जास्वंद, गोकर्ण, कोळसा, गेरू. जांभ्याचा मऊ तुकडा पाण्यात दगडावर उगाळला की विटकरी रंग मिळतो. तांदळाच्या पिठात पाणी कालवलं की पांढरा. उत्तर कोकणात डहाणूकडे वारली चित्रं अशाच पांढऱ्याने, बांबूची काडी चेचून केलेल्या कुंचल्याने काढली जायची. जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली. गेरूने सारवलेल्या पुठ्ठ्यावर त्रिकोण आणि वर्तुळं घेऊन आपल्या वाडीतलं दृश्य काढायला सांगा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं त्या आकारांत फार छान बसतात.

हळदीची एक गंमत जरूर करून पाहा. हळदीचा पातळ लेप कागदावर लावून वाळवायचा आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या हिराने त्यावर लिहायचं. अक्षरं लाल उमटतात. जास्वंदीच्या पाकळ्या कागदावर चोळल्या की जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला तर गुलाबी होतो, खायच्या सोड्याच्या पाण्याचा टाकला तर हिरवट. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं. चौथी-पाचवीच्या मुलांना यावर स्वतःचा तक्ता बनवू द्या. यासाठी चुना वापरू नका. डोळ्यात गेला तर फार वाईट.

कोकमाचा रंग मिठाशिवाय वाळवलेल्या सालांचा काढा. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ असतं, त्यामुळे कागद दमट राहतो.

डिंक कोणता वापरावा?

घरची खळ. एक वाटी मैदा किंवा तांदळाचं पीठ थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहा. चकाकी येऊन घट्ट झाली की उतरवा आणि चिमूटभर तुरटी टाका. पतंगी कागदाला तर शिजलेल्या भाताची चार शितं पुरतात. लाकूड आणि करवंटीला मात्र खळ धरत नाही. तिथे फेव्हिकॉल लागतोच.

पावसाळ्यात काहीच वाळत नाही, कागदाला बुरशी येते. तेव्हा काय करावं?

जून ते सप्टेंबर चिकटवायची कामं कमी आणि विणायची, शिवायची, घड्या घालायची कामं जास्त ठेवा. फाटक्या साडीच्या पट्ट्यांची तिपेडी वेणी घालून ती गोल शिवत गेलं की पायपुसणं होतं. माडाच्या हिरव्या पाती पावसातही मिळतात. लग्नपत्रिकेच्या चौकटीत चिरा पाडून त्यात एक आड एक ओवल्या की चटईची वीण कळते. कागदी होड्या तर हव्याच, पागोळ्यांखाली सोडायला. पुठ्ठ्याचं काम करायचंच असेल तर खळ अगदी पातळ लावा आणि वस्तू चुलीच्या उबेला, पण जाळापासून लांब ठेवा.

पोफळीच्या विरीचं काय करता येतं?

विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या बुडाचं रुंद आवरण, गळून पडली की मुलं एकाला तीवर बसवून अंगणभर ओढतात, ते आधी होऊ द्या. मग रात्रभर पाण्यात भिजवून पाट्याखाली दाबून सपाट करा. शिमग्याच्या आधी विरीचे मुखवटे करणं हे आमचं सगळ्यांत आवडतं काम आहे. विरी चेहऱ्याला पुरेशी रुंद असते, कात्रीने कापता येते आणि कोळसा-गेरू तिच्यावर छान बसतो. डोळ्यांची भोकं मोठ्यांनी कापावी. दाढी काथ्याची. शिमग्याच्या खेळातला संकासुर करायचा तर टोपी उंच हवी. पुठ्ठ्याचा शंकू काळ्या कापडाने मढवा.

बाहुल्यांचं नाटक प्राथमिकच्या मुलांना झेपेल का?

झेपतं, आणि एकेकट्याने कोपऱ्यात बसणारी मुलंही यात बोलू लागतात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजातल्या कलाकारांनी चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यानपिढ्या जपल्या आहेत. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. जवळ असाल तर मुलांना आधी तिथे नेऊन आणा. बाहुली पडद्यामागून कशी चालते हे एकदा पाहिलेल्या मुलाच्या हातात पुढे वेगळीच समज दिसते.

वर्गात चामड्याऐवजी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. बाहुली नेहमी बाजूने दिसणारी काढायची: नाक, हनुवटी, पोट ठळक. समोरून काढली तर पडद्यावर नुसता काळा गोळा दिसतो. हात दंडाशी आणि कोपराशी वेगळा कापून दोऱ्याच्या गाठीने सैल जोडा. गाठ घट्ट झाली तर हात हलत नाही, ढिली झाली तर लोंबतो. दोन-तीनदा बांधून पाहावीच लागते. एक हीर पाठीला, एक हाताच्या पंज्याला. डोळ्याच्या आणि दागिन्यांच्या जागी भोकं पाडून मागून चॉकलेटचा रंगीत पारदर्शक कागद लावला की पडद्यावर रंग उतरतो.

पडद्याला जुनं धोतर ताणून बांधा. दिवा मागे आणि जरा वर, बॅटरी किंवा बल्ब, मेणबत्ती नको. बाहुली कापडाला टेकवली तर सावली रेखीव पडते, दिव्याकडे नेली तर मोठी आणि धूसर होते. मुलं राक्षस दाखवायला हे आपणहून वापरतात.

गोष्ट मुलांची असू द्या. होडीत झोपलेला खेकडा, बाजारात हरवलेली आजी, देवचाराला घाबरलेला चोर असं काहीही चालेल. संवाद पाठ करून घेऊ नका, फक्त क्रम ठरवून द्या. आणि मालवणीत बोलली तर अडवू नका. घरच्या बोलीत बाहुली जास्त जिवंत होते.

गंजिफा मुलांना करता येतील का?

साध्या रूपात नक्की. गंजिफा म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते; सावंतवाडीच्या गंजिफा गोल आणि हाताने रंगवलेल्या असतात. दशावतारी संचात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा गट आणि प्रत्येकात बारा. एवढं मुलांकडून करून घेऊ नये. चार गट आणि प्रत्येकात सहा, असे चोवीस पत्ते पुरे. गट मुलांनी ठरवावेत. बांगडा, कोळंबी, खेकडा, पापलेट हे गट आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी निवडतंच.

लग्नपत्रिकांवर बाटलीचं झाकण ठेवून वर्तुळं आखा, दोन-दोन वर्तुळं खळीने चिकटवा आणि पाट्याखाली दाबून वाळवा. दाबलं नाही तर पत्ते वळतात. एका पत्त्यावर एक बांगडा, दुसऱ्यावर दोन, असं सहापर्यंत. सहा खेकडे एवढ्याशा वर्तुळात कसे बसवायचे हा खरा चित्रकलेचा प्रश्न आहे, त्यात मदत करू नका. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि रंगीत फळं पाहायला मिळतात; तिथे रंगवणाऱ्याची कुंचला धरायची पद्धत मुलांना नीट बघू द्या.

आंब्याच्या बाठ्यांचं काही होतं का?

हो, पण हापूसच्या नको, रायवळच्या. रायवळच्या बाठीला भरपूर रेषा असतात. चोखून झाल्यावर धुऊन उन्हात वाळवली आणि जुन्या कंगव्याने विंचरली की दाढीवाले आजोबा तयार. डोळ्यांना मिरी, नाकाला चिंचोका.

कोणत्या वस्तू मुलांच्या हातात अजिबात द्यायच्या नाहीत?

ओल्या किंवा न भाजलेल्या काजूच्या बिया. टरफलातलं तेल कातडी भाजतं आणि डाग बरेच दिवस जात नाहीत. गुंजा दिसायला फार गोड, पण चावल्या गेल्या तर जीवघेण्या विषारी. माळा करायला त्या कुणी सुचवल्या तरी घेऊ नका. एरंडाच्या आणि कण्हेरीच्या बियाही नकोत. कुंपणावरच्या केसाळ शेंगा खाजकुइलीच्या असू शकतात. मातीकामासाठी वारूळ फोडू नये. आत साप असू शकतो. शेतातली चिकण माती किंवा गणपतीच्या चित्रशाळेत उरलेली शाडू माती मागून आणावी.

कात्री पहिलीपासून द्या, बोथट टोकाची. जाड सुई तिसरीपासून. कोयता, विळी आणि पोखरायचं हत्यार प्राथमिकच्या कुठल्याच मुलाला नको.

थर्माकोल वापरावं का?

नको. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि त्याचे पांढरे कण शेवटी खाडीत जातात. मखरासाठी पुठ्ठा, बांबूच्या कामट्या आणि सुपं आहेत. प्लास्टिकच्या बाटल्या मात्र घरात आलेल्याच असतात. त्यांच्या कुंड्या, गाळणी करायला हरकत नाही.

आकाशकंदील कोणत्या इयत्तेपासून?

चौथीपासून, आणि दोघांनी मिळून. कामट्या तुम्ही तासून द्या, कड मेणबत्तीवर फिरवून कुसळं जाळून टाका. सांधे बांधताना एकाने धरायचं, दुसऱ्याने दोरा आवळायचा. पतंगी कागद कापताना सगळीकडून बोटभर जास्त ठेवा.

मुलगा अर्ध्यावर सोडतो. ओरडावं का?

नाही. बहुतेक वेळा काम त्याच्या हातापेक्षा मोठं असतं. सहा वर्षांच्या मुलाला वीस मिनिटांत काहीतरी हलणारं, वाजणारं किंवा तरंगणारं मिळायला हवं. नुसती शोभेची वस्तू त्याला धरून ठेवत नाही. अर्धवट राहिलेलं डब्यात ठेवा. दोन आठवड्यांनी तोच तुकडा दुसऱ्याच कामाला लावलेला दिसतो.

शाळेच्या प्रदर्शनासाठी आम्ही थोडं नीट करून दिलं तर काय बिघडलं?

बरंच बिघडतं. मुलाला कळतं की आपलं काम दाखवण्यासारखं नव्हतं. शेजारच्या टेबलावर ज्याने खरंच स्वतः केलं, त्याची वस्तू गबाळी दिसू लागते आणि पुढच्या वर्षी त्याचेही आईबाबा करून देतात. आईवडिलांनी फक्त धरावं, धारदार हत्यार वापरावं आणि विचारलं तरच सांगावं. शिक्षकांना विनंती आहे की बक्षिसाऐवजी प्रत्येक वस्तूशेजारी मुलाला उभं करा आणि ‘हे कसं केलंस?’ असं विचारा. ज्याने केलंय तो पाच मिनिटं बोलायचा थांबत नाही.

आम्ही मुंबईला असतो. गावाहून परतताना मुलांसाठी काय न्यावं?

वाळलेल्या हिरांची जुडी, चार-पाच घासायच्या करवंट्या, दोन विऱ्या, थोडा काथ्या आणि विंचरून ठेवलेल्या बाठी. हिरव्या पाती प्रवासात सुकून कडक होतात. ओल्या फडक्यात गुंडाळल्या तर दोन दिवस टिकतील. शिंपल्यांना थोडाही वास असेल तर नेऊ नका, गाडीत सगळ्यांना त्रास. विरी रेल्वेत न्यायची तर आधी भिजवून, सपाट करून, पूर्ण वाळवून मगच बांधा, नाहीतर पोचेपर्यंत बुरशी धरते.